मोटारीचा अपघात आणि गृहिणीचा हक्क
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, बाळंतिणीची काळजी किंवा एखाद्या संतस्त्रीचे चरित्र असा विषय घ्यावयाचा ही आपली रीत. यंदा मी हा विषय मागून घेतला तेव्हा कार्यकारिणीतील दोघीतिघींनी "आनंदाच्या दिवशी हे अभद्र कशाला?" म्हणून नाक मुरडले. त्यांचे मला वाईट वाटले नाही. पण आपला केदारखेडा जालना-भोकरदन रस्त्यावर वसलेला. कचेरीच्या कामाला आपण भोकरदनला जातो, दुखण्याखुपण्याला जालन्याला जातो आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जातो. अंगारकीला तर रात्रभर त्या वाटेने पायी चालणारांची रीघ असते आणि शेजारून मोटारी धावत असतात. २०२४ च्या जुलैमध्ये आषाढी करून पंढरपूरहून परतलेले वारकरी जालन्याहून राजूरकडे जीपने निघाले होते. तुपेवाडीजवळ ती जीप विहिरीत पडली आणि सात जणांचे प्राण गेले. तो रस्ता आपलाच. तेव्हा अभद्र म्हणून तोंड फिरविल्याने ते टळते असे नाही.

मी वकील नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंना मोटारीने उडविले, त्यांचा दावा चालला, आणि प्रत्येक तारखेला त्यांच्या सोबतीला मी जात असे. कोर्टाच्या बाकावर बसून जे कानी पडले आणि विधी सेवेच्या वकीलबाईंना विचारून विचारून जे समजून घेतले, तेवढेच आज सांगणार आहे.

अपघातानंतर चौथ्या दिवशी जाऊबाईंचा जबाब घ्यावयास दवाखान्यात पोलीस आले. नाव झाले, वय झाले. मग विचारले, "व्यवसाय?" जाऊबाई म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." त्यांनी लिहिले, "काही नाही." आता ही बाई पहाटे चारला उठते. दोन म्हशींचे शेणपाणी, धारा, सहा माणसांचा स्वयंपाक, सासऱ्यांचे पथ्यपाणी, मग शेतात निंदणी, कापसाच्या दिवसात वेचणी, आणि संध्याकाळी पुन्हा चूल. तिच्या तोंडून "काही नाही" आणि कागदावरही "काही नाही"! मी तेथेच म्हटले, "भाऊ, असे लिहू नका. घरकाम, शेतकाम आणि दुग्धव्यवसाय असे लिहा." ते भले गृहस्थ होते, त्यांनी लिहिले. आपल्यापैकी प्रत्येकीने हे लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे. पुढे भरपाईची सारी आकडेमोड त्या एका ओळीवर उभी राहते.

आता तुम्ही म्हणाल, घरकामाला कायदा किंमत देतो काय? देतो. पण ती सहजासहजी मिळालेली नाही.

१९८९ च्या मार्चमध्ये जमशेदपूरला टाटांच्या कारखान्याच्या समारंभात मंडपाला आग लागली. त्यात कित्येक स्त्रिया आणि मुले गेली. हा काही मोटारीचा अपघात नव्हे, पण गृहिणीच्या कामाचे मोल कसे धरावे हा प्रश्न तेथे उभा राहिला. भरपाई ठरविण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपविले होते. २००१ साली शेवटचा निकाल झाला. त्यात न्यायालयाने संसार सांभाळणाऱ्या स्त्रीच्या सेवेचे मोल महिन्याला तीन हजार रुपये धरले. हा 'लता वाधवा' निकाल म्हणून वकीलमंडळी अजून सांगतात.

मोटार कायद्यातही १९९४ साली एक तक्ता घातला गेला होता. त्यात न कमावणाऱ्या बायकोचे उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरावे असे होते. म्हणजे नवरा मोठा साहेब असेल तर त्याच्या बायकोच्या भाकरीला किंमत जास्त आणि नवरा मजूर असेल तर कमी! भाकरी तर दोघींची सारखीच गोल. २०१० साली न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गांगुली यांच्यापुढे एका गृहिणीचे प्रकरण आले. न्यायमूर्ती गांगुलींनी त्या निकालात एक गोष्ट दाखवून दिली. २००१ च्या जनगणनेत स्वयंपाक, धुणी, मुले, पाणी, सरपण यांत जन्म घालविणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना 'काम न करणाऱ्या' म्हणून मोजले, आणि त्या रकान्यात त्यांच्या जोडीला होते भिकारी, वेश्या आणि कैदी. मी हे प्रथम ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही.

५ जानेवारी २०२१ रोजी 'कीर्ती' या नावाने ओळखला जाणारा निकाल झाला. त्यात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचे आकडे दिले आहेत. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते आणि पुरुष ९७. आजारी, लहान, म्हातारे यांची उस्तवार निराळी. गृहिणीचे उत्पन्न धरणे म्हणजे उपकार नव्हे, तिच्या श्रमाची ती ओळख आहे, असा त्या निकालाचा भाव आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, गृहिणीचे मासिक मोल रोजंदारीच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही.

हे दिल्लीचे झाले. आपल्याकडचे सांगते. अमरावती जिल्ह्यातील एका कुटुंबातील गृहिणी अपघातात गेली. ती घर सांभाळून मजुरीलाही जाई. अचलपूरच्या न्यायाधिकरणाने २००७ साली दावा फेटाळला, कारण काय, तर ती गृहिणी, कमावती नव्हे. नवरा आणि दोन मुलगे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. २०२० च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती अनिल किलोर यांनी तो निकाल फिरविला आणि सुमारे ८ लाख २२ हजार रुपये देवविले. गृहिणी हा घराला धरून ठेवणारा मध्यबिंदू आहे असे त्यांनी म्हटले. तेरा वर्षे लागली हे खरे. पण ते घर वरच्या कोर्टात गेले नसते तर त्या बाईच्या आयुष्यापुढे शून्यच लिहिलेले राहिले असते.

ही सारी प्रकरणे मृत्यूची. जी बाई वाचते पण अधू होते, तिचे काय? तिच्यासाठी १८ ऑक्टोबर २०१० चा 'राजकुमार' निकाल महत्त्वाचा. त्याने सांगितले की डॉक्टरांनी दाखल्यावर किती टक्के लिहिले एवढेच पाहू नका. त्या अधूपणामुळे त्या माणसाचे त्याच्या कामापुरते किती नुकसान झाले ते पाहा. आपल्याकडे याचा अर्थ असा. गुडघा मोडला आणि नीट वाकेनासा झाला. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाला त्रास होईल, पण नोकरी राहील. तोच गुडघा निंदणीला उकिडवी बसणाऱ्या, मिरची तोडणाऱ्या, डोक्यावर गवताचा भारा आणणाऱ्या बाईचा असेल तर तिचे निम्मे काम गेले. हे न्यायाधीशांना घरबसल्या कळत नाही. ते साक्षीत सांगावे लागते. आपण मात्र कोर्टात उभ्या राहिल्या की "बरं आहे आता, चालतंय थोडं थोडं" म्हणतो. सवयच तशी! जाऊबाईंना मी तारखेच्या आदल्या रात्री विचारले, "आता कोणकोणते काम होत नाही ते सगळे सांगा." तास लागला. म्हशीची धार काढता येत नाही, हेच त्यांनी सर्वांत शेवटी आणि रडत सांगितले.

हिशेब कसा करतात त्याचा एक नमुना देते. आकडे केवळ समजण्यापुरते. समजा बेचाळीस वर्षांची बाई आहे, न्यायाधिकरणाने तिचे मासिक मोल दहा हजार धरले आणि कामाचे नुकसान वीस टक्के मानले. वर्षाचे झाले १ लाख २० हजार. ४१ ते ४५ या वयाला १४ ने गुणतात. हा गुणाकार २००९ च्या 'सरला वर्मा' निकालाने वयावार ठरवून दिला आहे. गुणाकार झाला १६ लाख ८० हजार, आणि त्याचे वीस टक्के म्हणजे ३ लाख ३६ हजार. शिवाय औषधपाणी, जाण्यायेण्याचे भाडे, खाटेवर पडून असतानाच्या काळातली बुडालेली कमाई, पुढे लागणारे ऑपरेशन, सोसलेल्या वेदना यांचे निराळे. पौष्टिक आहाराचा खर्चसुद्धा मागता येतो. घरात स्वयंपाकाला बाई लावली असेल तर तिच्या पगाराची चिठ्ठी सहीनिशी ठेवावी. डेअरीच्या दुधाच्या पावत्या, बचत गटाची वही, शिलाईचा हिशेब, रोजगार हमीचे कार्ड, यांतून आपली कमाई दिसते. आपल्या घरात हे कागद फळीवरून चुलीत जावयाला वेळ लागत नाही.

आता अपघात झाल्याबरोबर काय करावयाचे ते. १०८ ला फोन. जखमीला पोचविणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवतात ही जुनी भीती. २०१६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाराच्या संरक्षणाचे नियम पक्के केले आणि पुढे कायद्यातच १३४-अ हे कलम आले. त्याच्यावर खटला नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही. म्हणून आपल्या मुलांना "लांबून जा रे" असे शिकवू नये. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने रोख पैसे न भरता उपचाराची योजनाही लागू केली. ठरविलेल्या दवाखान्यांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात होतो. दवाखान्यात पाऊल ठेवताच त्याबद्दल विचारावे.

पोलिसांत खबर देणे चुकवू नये. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घ्यावी. मोटारीचा नंबर, पंचनामा, दवाखान्याचे कार्ड, एक्स-रे, बिले आणि बरे झाल्यावर सरकारी डॉक्टरांचा अपंगत्वाचा दाखला, हे सगळे एका पिशवीत राहू द्या. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवावयाचा असतो, आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. तो गेला की नाही हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. विचारावयाला जाताना दोघीतिघींनी मिळून जावे.

मुदत मात्र ध्यानात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा लावावा असे कायद्यात आले. या अटीविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश झाला. पण अंतरिम म्हणजे तात्पुरता. त्यावर विसंबून दिवाळी, मग संक्रांत, मग लगीनसराई असे करू नये. दावा आपण राहतो त्या भागातही लावता येतो. अपघात पुण्याला झाला म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. जालन्याच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दाव्यांचे न्यायाधिकरण आहे.

दाव्याच्या वाटा दोन. एकीत समोरच्याची चूक दाखवावी लागते आणि भरपाई पूर्ण हिशेबाने मिळते. ते कलम १६६. दुसरीत चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली: मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. ते कलम १६४. हाड मोडले तर ती गंभीर दुखापत होय. येथे एक सावधगिरी. विमा कंपनीचा माणूस ही ठरलेली रक्कम घेऊन आला आणि आपण ती स्वीकारली, तर मोठा दावा संपतो. किरकोळ मोडले असेल तर घेणे शहाणपणाचे. जन्माचे अधूपण आले असेल तर वकिलाला विचारल्यावाचून अंगठा उठवू नये.

गाडी पळून गेली आणि नंबरही मिळाला नाही, तरी रिकाम्या हाताने बसू नये. अशा वेळी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये २०२२ च्या योजनेप्रमाणे मिळतात. त्यासाठी कोर्ट लागत नाही. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करावयाचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. ही रक्कम पुष्कळांना ठाऊकच नसते. रात्री रस्त्याने पायी जाणाऱ्या गरिबाला बहुधा असलाच अपघात होतो.

मोठा अपघात झाला की मुख्यमंत्री, पंतप्रधान मदत जाहीर करतात. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस जण गेले, तेव्हाही तशी झाली. ती मदत सरकारची. ती घेतली म्हणून मोटारमालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्धचा दावा बुडत नाही.

आता गावातल्या तडजोडीविषयी थोडे कडू बोलते. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मोटारवाल्याचे चार पाहुणे येतात. चहा होतो. "झालं ते झालं, आपलीच माणसं, कोर्टाच्या पायऱ्या कशाला?" दहा-पंधरा हजार पुढे ठेवतात आणि शंभराच्या की पाचशेच्या कागदावर सही मागतात. ओसरीवर पुरुषमंडळी ठरवितात. जिचा पाय मोडला ती आत खाटेवर असते. तिला कोणी विचारीत नाही. खरे म्हणजे बहुतेक वेळी पैसे त्या मोटारवाल्याच्या खिशातून जावयाचेच नसतात, विमा कंपनी देते. मग त्याच्यावर दया करून आपण वाचवितो कोणाला? शेजारधर्म मलाही कळतो. त्याला शिव्या देऊ नका, त्याचा चहा प्या. पण विम्याच्या कागदाची नक्कल मागा आणि सही करू नका.

वकिलाचे म्हणाल तर स्त्रियांना उत्पन्न किती हे न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसे आहे. जिल्हा न्यायालयात प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० या नंबरावर फोन केला तरी चालतो. स्वतःचा वकील लावावयाचा तर लावा, पण "मिळेल त्यात अमुक टक्के माझे" अशी बोली वकिलाला नियमाने करता येत नाही. लोकअदालतीतही पुष्कळ दावे मिटतात. तेथे मिटले की अपील नाही, म्हणून आकडा पटला तरच हो म्हणावे. मिळालेल्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत घालते, विशेषतः विधवा आणि लहान मुले असतील तेव्हा. पुष्कळांना ते जाचाचे वाटते. मला स्वतःला ती पद्धत बरी वाटते. घरात रोकड आली की ट्रॅक्टरचा हप्ता आधी आठवतो आणि आजारी बाई मागाहून. खाते मात्र तिच्या एकटीच्या नावाचे असावे.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एका भगिनीने जो प्रश्न विचारला तो येथे लिहून ठेवते, कारण तो मला सुचला नव्हता. त्यांनी विचारले, "आम्ही मजुरीला टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातो. ती उलटली तर?" बसल्या जागी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून वकीलबाईंना विचारून घेतले. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांचा भार विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 'आशा रानी' निकालात ठरविले आहे. तेव्हा दावा मालकावर राहतो, आणि मालकाकडे पैसे नसतील तर हुकूमनामा हातात घेऊन बसावे लागते. काही प्रकरणांत न्यायालयाने कंपनीला आधी पैसे भरावयास आणि मागून मालकाकडून वसूल करावयास सांगितले आहे, पण ते धरून चालता येत नाही. घरच्या मोटारसायकलीचेही तसेच. दुसऱ्या गाडीने धडक दिली तर त्या गाडीच्या विम्यावर दावा चालतो. पण आपलीच मोटारसायकल घसरून मागे बसलेली बाई पडली आणि विमा फक्त कायद्यापुरता, स्वस्तातला असेल, तर तिला त्यातून काही मिळत नाही. पूर्ण विमा, ज्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात, तो असला तर मिळते. त्या भगिनीने घरी जाऊन पेटीतला कागद काढला आणि दुसऱ्या दिवशी मजकडे वाचावयास आणला. तो कायद्यापुरताच होता, आणि त्याचीही मुदत चैत्रातच संपली होती.